कौतुक आवरा, पासिंग द्या

भंगारातून गाडी बनवणाऱ्या माणसाचा एखादा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. खाली हजारो बदाम, 'देसी टॅलेंट', 'याला म्हणतात जुगाड', 'इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनो, शिका काहीतरी'. दोन दिवसांनी दुसरा व्हिडिओ येतो आणि आपला अंगठा पुढे सरकतो. त्या गाडीचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही. मी विचारतोय, कारण तशीच एक गाडी मला विकत मिळतेय आणि घेणार की नाही ते या महिन्यात सांगायचं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही घेणार. पण हे वाचून 'बरोबर आहे, नियम म्हणजे नियम' असं म्हणणाऱ्यांनी लगेच मान डोलवू नये. मला नाही म्हणायला लावणारा कायदा माझ्या मते आळशी आहे. आणि 'अरे घेऊन टाक, कोण विचारतंय' म्हणणाऱ्या दोस्तांनीही पुढे वाचावं, कारण त्यांचा सल्ला मला कायद्यापेक्षा जास्त घातक वाटतो. भांडण दोघांशी आहे.

गाडी काय आहे

जिल्ह्याचं नाव कागदावर अहिल्यानगर झालं, तरी बोलताना तोंडात नगरच येतं. त्या नगरजवळच्या एका गॅरेजवाल्या मामांनी ही गाडी दोन वर्षं खपून बनवली. चासी जुन्या जीपची, पण मधून कापून, खाली घेऊन पुन्हा वेल्ड केलेली. इंजिन अँबॅसिडरचं. ते म्हातारं इंजिन नव्हे. १९९० च्या दशकात अँबॅसिडरला इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला, ती जोडी. पुढची चाकं उघडी, मडगार्ड नाहीत, बॉनेटला बाजूचे पत्रे नाहीत, त्यामुळे इंजिन बाहेरूनच दिसतं. बाकीचा पत्रा हाताने ठोकलेला, आणि इतका सरळ की बोट फिरवलं तरी लाट लागत नाही. जे इंजिन अँबॅसिडरचं जडशीळ धूड ओढायचं, त्याला इथे शेकडो किलो कमी ओढायचे आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अक्षरशः उसळते. मागताहेत साडेतीन लाख.

अशा गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तातल्या जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची, वजन काढून टाकायची, इंजिनावर काम करायची आणि वाळलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायची. ही कथा बहुतेक वेळा नियम मोडणाऱ्यांची म्हणून सांगितली जाते. पुढचा भाग गाळला जातो. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली: वेळ नीट मोजायची आणि शर्यत नियमाने घ्यायची. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली, ती रस्त्यावरच्या शर्यती बंद धावपट्टीवर नेण्यासाठी. म्हणजे ज्या बंडखोरीचे फोटो आपण वॉलपेपर म्हणून लावतो, ती टिकली तपासणीमुळे. ज्यांना गाडी प्रिय होती, त्यांनीच नियमांची मागणी केली.

हे मला कॉलेजात हाताने शिकायला मिळालं. आमची टीम बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धेत होती. २००७ मध्ये पीथमपूरला सुरू झालेली ही स्पर्धा. पोरांनी स्वतः बग्गी बनवायची आणि खडकाळ ट्रॅकवर पळवायची. पण त्याआधी तांत्रिक तपासणी. वेल्डिंगचा नमुना तोडून दाखवा. किल स्विच दाबला की इंजिन बंद झालं पाहिजे. ब्रेक मारला की चारही चाकं एकदम जागच्या जागी अडकली पाहिजेत. तपासणीचा स्टिकर मिळाल्याशिवाय ट्रॅकला चाक लावता येत नाही. तिथे कोणी आम्हाला 'जुगाडू' म्हणालं नाही. चुका दाखवल्या, दुरुस्त करायला लावल्या आणि मग गाडी सोडली. आदर म्हणतात तो हा.

न बघताच 'नाही'

आता आपला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ म्हणतं, नोंदणीशिवाय सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही ठिकाणी गाडी चालवायची नाही. ठीक. मग नोंदणी करू. त्यासाठी फॉर्म २०, आणि त्यासोबत फॉर्म २१ म्हणजे विक्रेत्याचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला. मामा डीलर नाहीत आणि कायद्याच्या भाषेत 'उत्पादक'ही नाहीत. त्यांनी गाडी उत्पादित केली आहे, एवढंच.

उत्पादक व्हायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२६ आडवा येतो. गाडीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडे चाचणीला द्यायचा. त्या नियमात संस्थांची यादी आहे: पुण्याची एआरएआय, सीआयआरटी वगैरे. आणि त्या यादीत पहिलं नाव कोणाचं? संरक्षण मंत्रालयाच्या व्हेइकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटचं. आपलं व्हीआरडीई. नगरचं. ज्या गावात लुना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना उभा राहिला, ज्या गावात आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आणि रणगाड्यांचं संग्रहालय आहे, त्याच गावात देशातल्या गाड्या तपासणारी संस्थाही आहे. मामांच्या गॅरेजपासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर.

पण तो दरवाजा मामांसाठी नाही. नियम १२६ ची सगळी रचना कारखान्यासाठी आहे: एक नमुना तपासा, मग त्याच्यासारख्या लाखभर गाड्या विका. नव्या प्रवासी मोटारींना ताशी ५६ किलोमीटरने अडथळ्यावर आपटून पाहण्याची चाचणी लागते. कारखान्याने एक गाडी चेपली तर काही बिघडत नाही. मामांकडे एकच गाडी आहे. ती पास झाल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं तर आधी तिचा चेंदामेंदा करावा लागेल, मग प्रमाणपत्र लावायला गाडी उरणार नाही. त्यातून १ एप्रिल २०२० पासून नवीन नोंदणीला बीएस-६ इंजिन लागतं. तीसेक वर्षांपूर्वीचं इसुझू तिथे दारातूनच परत.

'मग नवी गाडी म्हणू नका, जुन्या जीपमध्ये बदल केला म्हणा.' तोही रस्ता बंद आहे. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किट, दिव्यांगांसाठीचे बदल अशा काही ठरावीक गोष्टींना परवानगीने वाट आहे. चासी कापून खाली घेण्याला नाही.

न्यायालयाची चूक नाही. चासी कापणं हे सायलेन्सर बदलण्याइतकं साधं काम नाही, आणि सायलेन्सरसुद्धा साधा नाही हे बुलेटवाल्यांच्या शेजाऱ्यांना विचारा. माझा आक्षेप दुसराच आहे. या अख्ख्या प्रवासात गाडीखाली कोणी वाकून पाहिलंच नाही. 'नाही' हे उत्तर तपासणीनंतर आलेलं नाही, तपासणीच्या ऐवजी आलं आहे.

मी वाकून पाहिलं. चासीचं वेल्डिंग चांगलं आहे. जोडावर आतून पट्टी मारलेली आहे, नुसतं टोकाला टोक लावलेलं नाही. स्टिअरिंगला खेळ कमी. पण ब्रेक जुन्या जीपचे, सिंगल सर्किटचे. म्हणजे मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना एकच तेलाचा मार्ग. एक पाइप फुटला की पायाखालचं पेडल थेट फरशीला आणि चारही चाकांचा ब्रेक गेला. टँडम मास्टर सिलिंडर असेल तर एक मार्ग फुटूनही दुसरा निम्मा ब्रेक राखतो. जीप तिच्या काळात कमी वेगाने धावायची. ही गाडी १०० ला सहज जाते, आणि ६० च्या तुलनेत १०० ला थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त असते.

मी हे मामांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट सुटल्यासारखे बोलले. "दादा, हे आधी कुणी बोललंच नाही. जो येतो तो फोटो काढतो. टँडम टाकून देतो, दीड दिवसाचं काम."

दीड दिवसाचं काम! दोन वर्षांत ते झालं नाही, कारण ते सांगायला कोणी अधिकृत माणूस आलाच नाही. येणार होता तो फक्त पावती फाडायला. सुरक्षिततेच्या नावाने लिहिलेल्या कायद्यामुळे ही गाडी दोन वर्षं एका फुटक्या पाइपाच्या भरवशावर उभी होती. कोड रिव्ह्यूला कोणी नकार दिला म्हणून प्रोग्रॅममधला बग जात नाही. तो फक्त कुणाला दिसत नाही.

दोस्तांचे सल्ले

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. गाडीचा फोटो ग्रुपवर टाकल्यावर तासाभरात तीन सल्ले आले.

पहिला: मेलेल्या जीपचं आरसी बुक लावायचं. एक एजंट तर म्हणाला, 'चासी नंबरची प्लेट तेवढी आणा, बाकी मी बघतो.' हे बऱ्याच ठिकाणी चालतं, म्हणून ते किती घाण आहे हे विसरायला होतं. आरसीवर जीप, रस्त्यावर हॉट रॉड. विमा कंपनीने विमा दिला जीपला. अपघात झाल्यावर तिचा सर्व्हेअर येईल तेव्हा त्याला जीप दिसणार नाही. आणि नंबर कापून दुसरीकडे डकवणं हा वाहतुकीचा किरकोळ गुन्हा नाही, ती बनावटगिरी आहे. चोरीच्या गाड्या जशा पचवतात, नेमकी तीच पद्धत. मामांच्या दोन वर्षांच्या प्रामाणिक कामाला हाच शेवट द्यायचा असेल तर कौतुक तरी कशाचं करताय?

दुसरा: शेतात चालव. हा सल्ला ऐकायला बरोबर वाटतो, पण कायद्याने नाही. कलम ३९ सार्वजनिक ठिकाणासोबत इतर कोणत्याही ठिकाणाबद्दलही बोलतं. कुंपणाच्या आतलं आपलं रानही त्यातून सुटत नाही. शिवाय हॉट रॉड कोणी बांधावरून फिरवायला घेत नाही. आज रान, उद्या शिवेचा रस्ता, परवा गावातल्या हॉटेलपर्यंत चहाला, आणि दिवाळीत नगर-मनमाड रोड. स्वतःला ओळखत असाल तर हे तुम्हालाही माहीत आहे.

तिसरा, सगळ्यात लाडका: दंड भरायचा. आणि दंड खरंच स्वस्त आहे. नोंदणीशिवाय गाडी चालवली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये. विमा नसल्याचे पहिल्या वेळी २,०००. गाडी अडकवून ठेवू शकतात, दुसऱ्यांदा सापडलात तर तुरुंगाची तरतूदही आहे, पण आपल्याकडे हिशेब पहिल्या पावतीचाच होतो. पुण्यातल्या पोरांच्या एका वीकेंडचा खर्च यापेक्षा जास्त असतो.

या तिन्ही सल्ल्यांत एक माणूस गायब आहे. ज्याला धडक बसेल तो.

कलम १४६ खाली थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो माझ्या भल्यासाठी नाही. रात्री शिफ्ट संपवून एमआयडीसीतून सायकलवर घरी निघालेल्या माणसासाठी आहे. पायी शिर्डीला निघालेल्या पालखीतल्या बाईसाठी आहे. माझ्या गाडीचा पाइप फुटला आणि त्यांच्यातलं कोणी गेलं, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देणं लागतं. विमा असेल तर कंपनी देते. नसेल तर मालक. आणि मालकाकडून पैसे वसूल करायला त्या बाईच्या घरच्यांनी किती वर्षं कोर्टात खेपा घालायच्या? माझा पगार ठीक आहे, माझ्याकडून कदाचित मिळतीलही. पण माझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडून?

हा प्रश्न हवेतला नाही. उत्तरेत पाणी उपसायच्या इंजिनावर लाकडी सांगाडा ठोकून 'जुगाड' नावाच्या गाड्या माणसं भरून पळायच्या. राजस्थानातल्या अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगाड हे मोटार वाहनच आहे. त्याला नोंदणी, विमा, सगळं लागतं. आपण ज्या शब्दावर बदाम टाकतो, तो शब्द न्यायालयात अपघाताच्या खटल्यातून पोचला, हे लक्षात ठेवलेलं बरं.

'पण त्या उसाच्या डबल ट्रॉल्या बघ. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्यांना कोण काय म्हणतं? आणि तुला एका गाडीची चिंता?' हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात तथ्य आहे. गळीत हंगामात रात्री नगर जिल्ह्यातल्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा. अंधारात अचानक समोर उगवणारा उसाचा ढीग म्हणजे काय ते तो सांगेल. पण यातून निघतं काय? ट्रॉलीला दिवा हवा, हे. माझ्या गाडीला ब्रेक नसला तरी चालेल, हे नाही. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवून आपला कचरा रस्त्यावर टाकायची मुभा मिळत नाही.

बोलेरो आणि मीरा

आता त्या गोष्टीकडे येतो, जी अशा प्रत्येक वादात कोणीतरी काढतोच. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे साठ हजार रुपयांत, भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं; गाडी नियमांत बसत नाही आणि स्थानिक प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल, हेही लिहिलं, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. लोहारांची गाडी कंपनीकडे गेली, इतरांनी प्रेरणा घ्यावी म्हणून.

महिंद्रांना मी नावं ठेवत नाही. त्या वेळी त्यांच्या हातात जे होतं त्यात त्यांनी दिलदारपणा दाखवला, आणि नियमांबद्दल खोटंही बोलले नाहीत. लोहारांच्या घरी चांगली गाडी आली, त्याचा आनंदच आहे. पण या गोष्टीला आपण सुखांत म्हणतो, तिथे मला अडखळायला होतं. गाडी बनवणाऱ्याला मिळालं काय? दुसऱ्याने बनवलेली गाडी. त्याने बनवलेल्या गाडीला मिळालं काय? बघायची जागा. चालायची नाही. आणि व्यवस्थेला करावं लागलं काय? काहीच नाही. एका माणसाचा प्रश्न एका उद्योगपतीच्या मनाच्या मोठेपणावर सुटला, आणि नियम होते तिथेच राहिले. पुढच्या गावातल्या पुढच्या लोहाराने काय करायचं? व्हायरल होण्याची वाट बघायची?

याहून जुनी गोष्ट इचलकरंजीची. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची पंचवीसेक वर्षं 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीवर काम केलं. एकामागून एक सुधारलेली मॉडेलं बनवली, रस्त्यावर चालवली. उत्पादन कधीच झालं नाही. त्याच काळात, १९७० मध्ये, संजय गांधींच्या मारुतीला वर्षाला पन्नास हजार छोट्या मोटारी बनवण्याचं इरादापत्र मिळालं होतं. मीराचे फोटो आजही दर काही महिन्यांनी 'मराठी माणसाची विसरलेली कार' म्हणून फॉरवर्ड होतात. आपण हळहळतो. हळहळ हा आपला राष्ट्रीय वाहन परवाना आहे. त्यावर गाडी सोडून सगळं चालतं.

जमत नाही, की करायचं नाही?

'अरे, पण प्रत्येक गॅरेजवाल्याला नंबर दिला तर रस्त्यावर मरणाचा खेळ होईल.' नियमवाल्यांची ही भीती खरी आहे. म्हणूनच इतरांनी काय केलं ते पाहू.

ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीसाठी वेगळी मंजुरी आहे. सरकारी तपासनीस ती एक गाडी घेतो आणि ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट, टोकदार कडा, धूर, आवाज तपासतो. नापास झालात तर काय दुरुस्त करायचं त्याची यादी मिळते आणि पुन्हा या म्हणतात. इंजिन कोणत्या सालचं ते सिद्ध करता आलं तर धुराची मर्यादा त्या सालाची. गाडीचं वय ठरवताच येत नसेल तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला बघताक्षणी कळतं. कॅलिफोर्नियात धुराचे नियम अमेरिकेत सर्वांत कडक, तरी २००१ मध्ये त्यांनी कायदा केला: खास बांधलेल्या गाड्यांपैकी दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या नियमात जुन्या सालाच्या हिशेबाने सवलत. पाचशे. हवा बिघडणार नाही आणि हौसही मरणार नाही असा आकडा कोणीतरी बसून ठरवला.

'ते परदेशात.' बरं, इथलंच घ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर वीस हजार रुपये फी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, दहा वर्षांची नोंदणी. रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच बाहेर काढायची. म्हणजे कमी वापराच्या, आजच्या निकषांत न बसणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा कप्पा करणं आपल्याला जमतं. फक्त तो कप्पा ज्यांच्या आजोबांकडे मोटार होती त्यांच्यासाठी झाला.

आणि ई-रिक्षा? जागोजागी जोडलेल्या, बिननंबरच्या ई-रिक्षा दिल्लीत हजारोंनी फिरत होत्या. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. ऑक्टोबरपर्यंत नियम आले, २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्तीही झाली. काही महिन्यांत! ते योग्यच झालं. लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. पण मग 'आपल्या यंत्रणेला हे जमत नाही' असं मला सांगू नका. जमतं. मतं असली की जमतं, प्रतिष्ठा असली की जमतं. गॅरेजवाल्या मामांकडे दोन्ही नाही, फक्त वेल्डिंग मशीन आहे.

मागणी साधी आहे. एकेका गाडीची मंजुरी द्या. गाडी न चेपता करता येतील अशा चाचण्या ठरवा: ब्रेकचं अंतर, दोन सर्किटचा ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डची तपासणी, सीटबेल्ट, दिवे, धूर. इंजिन आणि चासी कुठून आली त्याच्या पावत्या मागा, म्हणजे चोरीचा माल शिरणार नाही. वर्षाच्या गाड्यांवर मर्यादा घाला, वेगावर घाला, वर्षात किती किलोमीटर ते ठरवा, नंबरप्लेटचा रंग वेगळा ठेवा. दरवर्षी फेरतपासणी करा आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा करा. फी खुशाल जास्त लावा. संस्था नव्याने काढायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात एक आहे, आणि तिचं नाव नियमात सगळ्यात वर आहे.

यात कडकपणा आजच्यापेक्षा जास्त आहे, हे लक्षात घ्या. आज मामांची गाडी 'बेकायदा' या एका शब्दाखाली झाकलेली आहे आणि त्या झाकणाखाली चांगलं वेल्डिंग आणि वाईट ब्रेक सारखेच. जी गाडी खरंच मारक आहे आणि जी नाही, त्यांच्यात कायदा फरक करत नाही. त्यामुळे बनवणाराही करत नाही. दोन्ही चोरूनच चालवायच्या असतील तर टँडम सिलिंडरवर पैसे कोण घालणार?

म्हणून नाही

एवढं सगळं पटूनही मी गाडी का घेत नाही? कायदा चुकीचा असेल तर मोडावा, असं म्हणणारी आपल्याकडे थोर परंपरा आहे. पण त्या परंपरेत मोडणारा स्वतः किंमत मोजतो. इथे मी मजा मारणार आणि किंमत सायकलवाला मोजणार. याला सत्याग्रह म्हणत नाहीत.

मामांना मी हे समोर बसून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भंगारातच घालायची म्हणा की. किलोवर."

या वाक्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. साडेतीन लाखांत त्यांची दोन वर्षं, मुलीच्या फार्मसीच्या फीचा एक हप्ता आणि गॅरेजचं थकलेलं भाडं होतं. माझ्या नकाराने यातलं काहीच सुटत नाही. मी त्यांना जे देऊ शकतो ते छोटं आहे: कागद पूर्ण असलेली एक जुनी जीप मी घेतोय, ती मूळ तपशिलात राहून नटबोल्टपासून नव्याने उभी करायचं काम त्यांना दिलंय, आणि मजुरीत घासाघीस केलेली नाही. हॉट रॉड त्यांच्याच शेडमध्ये आहे. टँडम सिलिंडर मात्र त्यांनी बसवला. मी पैसे देऊ केले तर म्हणाले, "राहू द्या दादा. कुणीतरी खालून बघितलं, तेवढं बास."

तुमच्या फोनवर पुढचा व्हिडिओ येईल तेव्हा बदाम जरूर टाका. पण खाली 'जुगाड' लिहू नका. ज्याने चासी सरळ रेषेत वेल्ड केली आणि हाताने पत्रा ठोकला त्याच्या कामाला तो शब्द लहान पडतो. त्यात 'तात्पुरतं', 'भागवलं', 'चालतंय' हे सगळं आधीच गृहीत असतं. त्याऐवजी एक प्रश्न लिहा: याचं पासिंग कुठे करायचं? तुमच्या आमदाराला टॅग करा, खासदाराला करा, परिवहन खात्याला करा. हजार जणांनी विचारलं तर तो प्रश्न होईल. आणि उत्तर येईपर्यंत अशी गाडी कितीही एक नंबर असली, तरी रस्त्यावर काढू नका आणि विकतही घेऊ नका.